हिशेब आधी वहीत, मग शेतात

गेल्या पावसाळ्यात आमच्या तीस गुंठे मक्यावर आम्ही तणनाशक मारले आणि आठ दिवसांच्या आत पाने पिवळी पडून करपू लागली. पाऊस, माती, बियाणे ह्या सर्वांना दोष देऊन झाला. शेवटी आमच्या आईने एकच प्रश्न विचारला. ती चौथी शिकलेली, पण पाऊणकी-दिडकीचे पाढे अजून तोंडपाठ. ती म्हणाली, "बाटली एका एकराची. आपले शेत पाऊण एकर. पाचशेचे पाऊण पावणेचारशे. मग दुसरी बाटली फोडलीस कशाला रे?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. कृषी सहायकांनी कागदावर 'एका पंपाला ५० मिली' असे स्वच्छ लिहून दिले होते. बाटलीचे टोपण २५ मिलीचे असणार असे आम्ही धरून चाललो आणि प्रत्येक पंपात दोन टोपणे ओतली. नंतर मापाच्या पेल्याने मोजले तेव्हा ते टोपण ५० मिलीचे निघाले. म्हणजे सगळ्या शेतावर औषध दुप्पट पडले होते. चाळीस गुंठ्यांना पुरायची बाटली वीस गुंठ्यांतच संपली, तेव्हाच हात थांबायला हवा होता. तो थांबला नाही, कारण आम्ही हिशेब केलाच नव्हता.

शाळेत असताना आपण सर्वांनी 'शाब्दिक उदाहरणे' सोडविली आहेत. हौद किती वेळात भरेल, मजूर किती दिवसांत भिंत बांधतील, व्यापाऱ्याला शेकडा नफा किती झाला, असे प्रश्न त्यांत असत. शाळा सुटली की ही उदाहरणेही सुटली असे आपल्याला वाटते. पण खताचे पोते, फवारणीचा पंप, कर्जाचा हप्ता आणि लेकराच्या तापाचे औषध ही सगळी तीच उदाहरणे आहेत. फरक इतकाच की येथे उत्तर चुकले तर मास्तर लाल फुली मारीत नाहीत, पीक जळते किंवा लेकरू आजारी पडते. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दृष्टान्त लूकच्या शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात आपण ऐकतो. आधी बसून हिशेब करण्याची ती सवय आपल्या घरात कशी आणता येईल, एवढाच ह्या लेखाचा विषय आहे.

पाच पायऱ्या

उदाहरण कोणतेही असो, पुढील पाच पायऱ्या सोडू नयेत.

पहिली पायरी: प्रश्न दोनदा वाचावा आणि काय काढायचे आहे ते एका ओळीत लिहावे. 'माझ्या तीस गुंठ्यांना किती औषध लागेल?' एवढे लिहिले तरी निम्मे काम होते.

दुसरी पायरी: जे माहीत आहे ते मापासह लिहावे. नुसते '५००' लिहू नये, 'एकरी ५०० मिली' असे लिहावे. आमची चूक नेमकी येथेच झाली. ५० हा आकडा बरोबर होता, पण तो टोपणांत बदलताना माप पाहिले नाही.

तिसरी पायरी: जे माहीत नाही त्याला एक नाव द्यावे. शाळेत त्याला 'क्ष' म्हणत. क्ष ह्या अक्षराला घाबरण्याचे कारण नाही. 'अजून न मोजलेले पोते' असा त्याचा अर्थ समजावा.

चौथी पायरी: माहीत असलेले आणि नसलेले ह्यांचा संबंध एका ओळीत मांडावा. ह्यालाच समीकरण म्हणतात. तराजूची दोन्ही पारडी सारखी असली की एका पारड्यातून जेवढे काढाल तेवढेच दुसऱ्यातून काढावे लागते. समीकरण सोडविण्याची सारी रीत ह्या तराजूत आहे.

पाचवी पायरी: उत्तर आले की ते मूळ प्रश्नात घालून पडताळावे आणि 'हे शक्य आहे का?' असे स्वतःला विचारावे. पाऊण एकराला एकरापेक्षा जास्त औषध लागते असे उत्तर आले, तर गणित पुन्हा करावे.

आधी आपल्या जमिनीचे माप पक्के करून घ्यावे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर आणि सुमारे अडीच एकरांचा हेक्टर (नेमके सांगायचे तर २.४७ एकर). बेळगाव-खानापूरकडे उताऱ्यावर एकर-गुंठे असतात, चंदगडकडे सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात, तर गोव्यात चौरस मीटर असतात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, आणि तो एका गुंठ्याच्या जवळजवळ बरोबर असतो. म्हणून तीस गुंठे म्हणजे ढोबळ मानाने तीस आर किंवा तीन हजार चौरस मीटर.

पंपात किती ओतावे?

औषधाच्या लेबलावर एकरी किंवा हेक्टरी मात्रा दिलेली असते. पण आपण ओततो पंपात. मध्ये एक आकडा हरवलेला असतो, तो म्हणजे आपल्याला एका एकराला किती पंप लागतात. हा आकडा दुकानदार सांगू शकत नाही. तो आपल्या चालण्याच्या वेगावर आणि पंपाच्या नोझलवर अवलंबून असतो.

तो काढण्याची रीत सोपी आहे. पंपात नुसते पाणी मोजून भरावे, एक गुंठा नेहमीच्या चालीने फवारावा आणि किती पाणी संपले ते पाहावे. समजा ४ लिटर संपले. तर एकराला ४ × ४० = १६० लिटर लागतील. पंप १६ लिटरचा असेल तर १० पंप. लेबलावर एकरी ५०० मिली आहे, म्हणून पंपाला ५०० ÷ १० = ५० मिली. शेजारी जरा सावकाश चालतो आणि त्याला गुंठ्याला ५ लिटर लागतात. त्याचे एकराला २०० लिटर, म्हणजे साडेबारा पंप झाले. त्याने पंपाला ४० मिलीच घालावे. शेजाऱ्याचे माप आपण उचलले किंवा आपले त्याने उचलले, तर दोघांचेही चुकते.

आता आमच्या शेताचा हिशेब पाहा. ३० गुंठे × ४ लिटर = १२० लिटर, म्हणजे साडेसात पंप. साडेसात पंपांना ५० मिलीप्रमाणे ३७५ मिली. आईने तोंडी सांगितलेले पावणेचारशे ते हेच. बाटलीत १२५ मिली शिल्लक राहायला हवे होते. फवारणी झाल्यावर बाटलीत काय उरले ते पाहणे ही सर्वांत सोपी पडताळणी आहे. मापाचा पेला शेतासाठी वेगळा ठेवावा. तो स्वयंपाकघरात कधीही आणू नये आणि औषध मोजताना हातमोजे घालावेत.

खताच्या पोत्याचे बीजगणित

समजा, मातीच्या तपासणीवरून मक्याला हेक्टरी १२० किलो नत्र आणि ६० किलो स्फुरद द्यावे असे सांगितले आहे. आपली जमीन एक एकर आहे. हेक्टरचे अडीच एकर धरले तर एकरी ४८ किलो नत्र आणि २४ किलो स्फुरद लागेल.

पण दुकानात नत्राचे पोते मिळत नाही, युरियाचे मिळते. युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते. डीएपीमध्ये शेकडा १८ भाग नत्र आणि ४६ भाग स्फुरद असते. पुष्कळ लोक दोन्ही हिशेब वेगवेगळे करतात आणि डीएपीतील नत्र विसरतात.

प्रथम डीएपी काढू. क्ष किलो डीएपीतून २४ किलो स्फुरद मिळाले पाहिजे.

०.४६ × क्ष = २४
क्ष = २४ ÷ ०.४६ = सुमारे ५२ किलो

ह्या ५२ किलोंतून नत्रही मिळेल: ५२ × ०.१८ = सुमारे साडेनऊ किलो. म्हणून युरियातून द्यायचे नत्र उरले ४८ − ९.५ = ३८.५ किलो. त्यासाठी युरिया लागेल ३८.५ ÷ ०.४६ = सुमारे ८४ किलो.

डीएपीतील नत्र विसरलो असतो तर ४८ ÷ ०.४६ = १०४ किलो युरिया टाकला असता. म्हणजे एकरी २० किलो युरिया फुकट जातो. जास्त नत्राने पीक नुसते हिरवेगार व लुसलुशीत होते आणि किडीला आमंत्रण मिळते. उरलेले नत्र पावसाबरोबर विहिरीच्या पाण्यात उतरते.

आणखी एक गोष्ट. 'एकरी दोन पोती' असे आपण सवयीने म्हणतो. २०१८ सालापासून युरियाचे पोते ५० ऐवजी ४५ किलोंचे झाले आहे. म्हणून पोती न मोजता किलो मोजावेत. ८४ किलो म्हणजे एक पोते आणि वर ३९ किलो. हा युरिया एकदम न टाकता सांगितलेल्या हप्त्यांत विभागून द्यावा. तीन सारखे हप्ते केले तर प्रत्येकी २८ किलो.

गाईच्या खाद्याचे मिश्रण

दोन वस्तू मिसळून हवी ती तिसरी करायची, हा प्रश्न शाळेत फार अवघड वाटे. घरच्या गाईपुढे तो रोज उभा असतो. समजा मक्याच्या भरड्यात शेकडा ९ प्रथिने आहेत आणि भुईमुगाच्या पेंडीत शेकडा ४५. आपल्याला शेकडा १८ प्रथिनांचे ४० किलो मिश्रण हवे आहे. पेंड किती घ्यावी?

पेंड क्ष किलो घेतली तर भरडा (४० − क्ष) किलो. हवी असलेली एकूण प्रथिने ४० × ०.१८ = ७.२ किलो. म्हणून,

०.४५ × क्ष + ०.०९ × (४० − क्ष) = ७.२
०.४५ क्ष + ३.६ − ०.०९ क्ष = ७.२
०.३६ क्ष = ३.६
क्ष = १०

पेंड १० किलो, भरडा ३० किलो. पडताळा पाहा: पेंडीतून ४.५ किलो, भरड्यातून २.७ किलो, मिळून ७.२ किलो. बरोबर. पेंड महाग असते. अंदाजाने निम्मी पेंड घालणारा पैसे घालवितो, आणि पेंड मुळीच न घालणारा दूध घालवितो. खनिज मिश्रण व मीठ ह्यांचे प्रमाण पशुवैद्यांना विचारून त्यात मिळवावे.

व्याजाचा आकडा कानाला लहान, खिशाला मोठा

गावात 'शेकडा तीन' म्हणतात तेव्हा ते तीन रुपये महिन्याचे असतात. वर्षाचे ३६ झाले. दहा हजारांवर वर्षाला ३,६०० रुपये. महिन्याचे व्याज दिले नाही आणि ते मुद्दलात मिळवीत गेले, तर वर्षाअखेर दहा हजारांचे सुमारे १४,२५८ होतात. ह्याउलट, केंद्राच्या व्याजसवलत योजनेत बसणारे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेवर फेडले, तर व्याज वर्षाला शेकडा ४ पडते. म्हणजे दहा हजारांवर ४०० रुपये. कोणतेही दोन दर तोलण्यापूर्वी दोन्ही वर्षाचे करून घ्यावेत.

दुसरा फसवा शब्द आहे 'फ्लॅट'. आमच्या ओळखीच्या एका भगिनीने गाय घेण्यासाठी ६०,००० रुपये काढले. 'शेकडा १० फ्लॅट, दोन वर्षे' असे तिला सांगण्यात आले. बँक शेकडा १२ सांगत होती. दहा हे बारापेक्षा कमी, म्हणून तिने दहाचे घेतले. हिशेब असा होता:

दोन वर्षांचे व्याज ६०,००० × १० × २ ÷ १०० = १२,०००
एकूण फेड ७२,०००, महिन्याचा हप्ता ७२,००० ÷ २४ = ३,०००

वरवर सर्व बरोबर दिसते. पण विचार करा. ती दर महिन्याला मुद्दल फेडीत आहे. वर्षभराने निम्म्याच्या आसपास मुद्दल फिटलेले असते, तरी व्याज मात्र पूर्ण ६०,००० वर चालू आहे. पहिल्या महिन्यात तिच्याकडे ६०,००० होते आणि शेवटच्या महिन्यात २,५०० च्या आसपास. सरासरीने तिने ३१,००० च्या सुमारास रक्कम वापरली. वर्षाचे व्याज ६,०००. एकतीस हजारांवर सहा हजार म्हणजे शेकडा १९ च्या आसपास. हा ढोबळ हिशेब झाला. बारकाईने केले तर दर शेकडा १८ च्या थोडा वर येतो.

बँकेचे शेकडा १२ हे कमी होत जाणाऱ्या बाकीवर होते. त्यात हप्ता सुमारे २,८२५ रुपये आणि दोन वर्षांचे एकूण व्याज सुमारे ७,८०० रुपये पडले असते. 'स्वस्त' दहाने तिचे चार हजारांवर रुपये जास्त गेले. ही भगिनी मुळीच अडाणी नाही. तिला जे दोन आकडे देण्यात आले ते एकाच मापाचे नव्हते, हे तिला कोणी सांगितले नाही.

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँका व वित्त कंपन्यांनी अशा किरकोळ मुदत कर्जासाठी मुख्य माहितीचा एक कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावयाचा असतो. त्यात सर्व खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. सही करण्यापूर्वी तो कागद मागावा आणि घरी आणून वाचावा. तोही नसेल, तर निदान एवढा प्रश्न विचारावा: "हप्ता किती, हप्ते किती?" दोघांचा गुणाकार करावा, त्यातून हाती आलेली रक्कम वजा करावी. जे उरते ते खरे व्याज. हाती येताना 'फी' कापली असेल तर हाती आलेलीच रक्कम धरावी.

लेकराच्या औषधाचा हिशेब

तापाचे पॅरासिटामॉल बहुतेक घरांत असते. ह्या औषधाची मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते. एका वेळेला वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. दहा किलोंच्या लेकराला १०० ते १५० मिलिग्रॅम. पण बाटलीतून आपण मिलिग्रॅम ओतीत नाही, मिलिलिटर ओततो. आणि बाटल्या निरनिराळ्या असतात:

एका बाटलीवर '५ मिलीत १२५ मिग्रॅ' असते. तिच्यातून ४ ते ६ मिली लागेल.
दुसरीवर '५ मिलीत २५० मिग्रॅ' असते. तिच्यातून २ ते ३ मिली लागेल.
तिसरी, लहान बाळांच्या थेंबांची बाटली, '१ मिलीत १०० मिग्रॅ' अशी असते. तिच्यातून १ ते दीड मिलीच लागेल.

औषध एकच, ताप एकच, लेकरू एकच. तरी 'एक चमचा' हे उत्तर पहिल्या बाटलीला बरोबर आहे, दुसऱ्या बाटलीला जवळजवळ दुप्पट आहे आणि तिसऱ्या बाटलीला धोकादायक आहे. थेंबांच्या बाटलीतील ५ मिली म्हणजे ५०० मिलिग्रॅम, मोठ्या माणसाची गोळी. जास्त पॅरासिटामॉलने यकृताला इजा होते, आणि ती पहिल्या दिवशी दिसत नाही. म्हणून मात्रा डॉक्टर किंवा सिस्टरकडून मिलीमध्ये लिहून घ्यावी आणि कोणत्या बाटलीतून ते त्यांना बाटली दाखवूनच विचारावे. दोन मात्रांत सहा तासांचे अंतर ठेवावे, दिवसरात्रीत चारपेक्षा जास्त देऊ नयेत. घरातल्या चमच्याने मोजू नये, बाटलीबरोबरचे माप वापरावे. चुकून जास्त गेले असे वाटले तर वाट न पाहता बाटलीसह दवाखाना गाठावा.

जुलाबातील जलसंजीवनीचेही तसेच आहे. मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते. ती एका पेल्यात, म्हणजे पाव लिटरात, विरघळविली तर पाणी चौपट खारट व दाट होते. त्याने लेकराचे नुकसान होते. पुडी फोडून अंदाजाने चार भाग करणेही बरे नव्हे. पुडीवर किती पाणी लिहिले आहे ते पाहून तेवढेच उकळून गार केलेले पाणी मोजून घ्यावे आणि चोवीस तासांनंतर उरलेले फेकून द्यावे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण लक्षात ठेवावे.

मुलांना उदाहरणे का जड जातात?

आपल्या सीमाभागातील आणि दूरच्या शहरांतील पुष्कळ मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत कन्नड, तेलुगू, गुजराती, हिंदी किंवा इंग्रजीतून शिकतात. अशा मुलाला बेरीज-गुणाकार येतात, पण शाब्दिक उदाहरण सुटत नाही. पालक म्हणतात, "गणितात कच्चा आहे." बहुधा तो गणितात कच्चा नसतो, उदाहरणाची भाषा त्याला कळलेली नसते. त्याला म्हणावे, "हे उदाहरण मला आपल्या भाषेत गोष्टीसारखे सांग." गोष्ट सांगता आली की आकडे आपोआप जागेवर बसतात.

दुसरी अडचण अशी की मुले आकडे दिसले की लगेच गुणाकार-भागाकार करू लागतात. त्यांना कधी असा प्रश्न घालावा: 'एका चटईवरचे भात वाळायला दोन दिवस लागतात, तर पाच चटयांवरचे भात वाळायला किती दिवस?' घाईत असलेला मुलगा दहा म्हणेल. ज्याने अंगणात भात राखले आहे तो हसून दोनच म्हणेल. कोठे त्रैराशिक लागू पडते आणि कोठे पडत नाही, हे कळणे म्हणजेच गणित कळणे.

क्ष मांडणे अजून जमत नसेल तर आपल्याकडची एक फार जुनी रीत आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती' ग्रंथात तिला 'इष्टकर्म' म्हटले आहे. सोयीचा एखादा आकडा धरून चालायचे आणि मग तो वाढवायचा किंवा कमी करायचा. त्यातील एक उदाहरण कमळांच्या राशीचे आहे. राशीचा तिसरा, पाचवा, सहावा आणि चौथा हिस्सा निरनिराळ्या देवतांना वाहिला आणि उरलेली सहा कमळे गुरूंना दिली, तर एकूण किती? समजा साठ कमळे होती. तर २०, १२, १० आणि १५ मिळून ५७ गेली, उरली तीन. पण उरायला हवीत सहा, म्हणजे दुप्पट. म्हणून राशीही साठाची दुप्पट, १२०. दुसरी-तिसरीतल्या मुलालाही ही रीत समजते.

आजी-आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी येत असेल, तर ती नातवंडांनी त्यांच्याकडून जरूर शिकावी. १९५७ साली नवे पैसे आले, पुढे किलो-लिटर आले आणि हे पाढे शाळेतून गेले. पण पाऊण एकर, सव्वा लिटर, अडीच पोती आपल्या शेतातून गेलेली नाहीत.

आठवड्यातून एक संध्याकाळ तरी, रोझरी झाली की, घरातील खऱ्या हिशेबांपैकी एक मुलांपुढे ठेवावा: दुधाचे बिल, विजेचे बिल, औषधाची बाटली. उत्तर आपल्याला आधी माहीत नसले तरी चालेल. आईबाप बसून हिशेब करतात आणि चुकले तर पुन्हा करतात, हे मुलांनी पाहिले पाहिजे.

आमच्या घरी आता तणनाशकाच्या कपाटाच्या दारावर एक वही टांगली आहे. तारीख, शेत, गुंठे, पंप, मिली आणि बाटलीत उरले किती, असे सहा रकाने आहेत. पंप खांद्यावर घेण्याआधी पहिले पाच रकाने भरायचे आणि परत आल्यावर सहावा. ह्या वर्षी एकदा सहावा रकाना जुळला नाही. पाहिले तर पंपाची वायसर गळत होती.

घरी सोडवून पाहा

१. आठ बायका एका शेताची खुरपणी सहा दिवसांत करतात. बारा बायका त्याच वेगाने किती दिवसांत करतील?

२. वाहतूक व हमाली मिळून विक्रीच्या शेकडा ५ खर्च होतात. हाती १९,००० रुपये यावेत म्हणून माल कितीला विकला पाहिजे?

३. गोठ्यात व खुराड्यात मिळून शेळ्या आणि कोंबड्या ३० आहेत. एकूण पाय ८४. शेळ्या किती, कोंबड्या किती?

४. हेक्टरी ४० किलो पालाश सांगितले आहे. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये शेकडा ६० भाग पालाश असते. एका एकराला हे खत किती किलो लागेल?

उत्तरे: (१) चार दिवस. (२) २०,००० रुपये. १९,००० वर शेकडा ५ वाढवून १९,९५० ला विकल्यास हाती १८,९५२ रुपये ५० पैसेच येतील, कारण खर्च विक्रीवर मोजला जातो. (३) शेळ्या १२, कोंबड्या १८. सगळ्यांचे दोन-दोन पाय धरले तर ६० होतात, उरलेले २४ पाय शेळ्यांचे. (४) एकरी १६ किलो पालाश, म्हणून सुमारे २७ किलो खत.